रोझीचं आंबट आणि म्हशीची चरबी

आमच्या सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की सुनंदा बिस्किटं तपासते. मी अंधेरी पूर्वेच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला होते, घर विलेपार्ल्याला, आणि त्या काळी पार्ल्यात बिस्किटांचा वास घरबसल्या यायचा. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. लग्नाकार्यात भेटलेल्या मावश्या मला बाजूला घेऊन विचारायच्या, कुठलं बिस्कीट चांगलं गं, खरं सांग. मीही गंभीर चेहरा करून सांगायचे. खरी गोष्ट अशी की माझी सगळी नोकरी म्हशीच्या मटणातली चरबी मोजण्यात गेली.

हे सासूबाईंना झेपलं नसतं असं नाही, पण त्यांनी ते झेपवून घ्यायचं ठरवलं नव्हतं. आम्ही मालवणकडचे. घरात मासे रोज, बकऱ्याचं मटण रविवारी, कोंबडी पाहुण्यांना. बड्याचं, म्हणजे गाय-म्हशीचं, मटण मात्र उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी ते दिवसभर हाताळायची, दळायची, वाळवायची आणि संध्याकाळी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन घरी यायची. दारात सासूबाई विचारायच्या, आज कसली बिस्किटं होती? मी म्हणायची, खारी.

हे काम काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हशीचं मटण परदेशी जातं आणि घेणारा विचारतो, यात चरबी किती, प्रथिनं किती. चरबी शोधायला तुकडा बारीक दळायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा आणि मग काचेच्या एका उभ्या उपकरणात त्यातून तासन् तास ईथर फिरवत ठेवायचं. ईथर चरबी धुऊन नेतं. शेवटी ईथर उडवून लावलं की काचेच्या तळाशी जे उरतं, ती चरबी. तिचं वजन करायचं. एवढंच. दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा. आलेल्या प्रत्येक नमुन्याचे आम्ही दोन भाग करतो. एक तपासायचा आणि दुसरा सील लावून फ्रीझरमध्ये ठेवायचा. त्याला राखीव नमुना म्हणतात. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर तो काढून परत तपासता येतो. ह्या राखीव नमुन्यामुळे पुढे माझी पार वाट लागली.

कायदा कडक होण्याआधी आमच्याकडे बैलाचेही नमुने यायचे, त्यामुळे मी दोन्ही पाहिलेत. बैलाची चरबी पिवळसर असते, म्हशीची पांढरीशुभ्र. गवतातला पिवळा रंग म्हैस अंगात पूर्ण मुरवून त्याचं जीवनसत्त्व करते, गाय-बैल ते अर्धवट करतात आणि उरलेला रंग चरबीत साठवतात. मटण मात्र म्हशीचं जास्त काळपट लाल, कारण लोह भरपूर. आणि लोकांना जे खरं वाटत नाही ते हे, की म्हशीच्या मटणात चरबी कमी असते. एवढं अवाढव्य जनावर, दिवसभर डबक्यात लोळणारं, पण मांडीचा तुकडा घेतला तर बैलापेक्षा सडसडीत. चरबी असते ती वरच्या थराला, सुरीने काढून टाकता येते. बैलासारखी मांसाच्या आत रेघारेघांनी घुसलेली नसते. मी हे माझ्या मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते आपल्या पोटाकडे बघत म्हणाले, डबक्यात लोळायला सुरुवात करू का.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जुहूचा एक व्यायामशाळावाला मटणाच्या पाकिटावर ‘चरबी शून्य’ छापायचं म्हणून आमच्या मागे लागला होता. शून्य निघत नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, तुम्ही डोळे मिटून वजन केलंत तर? मढला बंगल्यांत शूटिंगं चालतात, तिथला एक प्रॉडक्शनवाला एकदा आला. राजाच्या मेजवानीचा सीन होता. एसी जोरात, ताटात मटणाचा रस्सा, आणि दुसरा टेक होईपर्यंत रश्श्यावर पांढरी साय धरायची. राजा घास उचलायचा तर ताट सोबत उचललं जायचं. त्याला वाटलं, खाटकाने मेण घातलं. मी तपासून सांगितलं की मेण नाही, म्हशीची चरबी लवकर घट्ट होते आणि तुमच्या खाटकाने वरचा थर न काढताच मटण दिलंय. मांडीचं घ्या, साफ करून घ्या, मग चरबी नावाला राहते. तो खूश झाला. पण त्याच्यापेक्षा जास्त खूश झाला तो त्या सीनमध्ये राजाच्या मागे तुतारी फुंकायला उभा केलेला एक म्हातारा. त्याने हे सगळं ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात तो मढहून वर्सोव्याला येणारी होडी पकडून सरळ आमच्या प्रयोगशाळेत हजर झाला.

हे पास्कल अंकल. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती, जन्म मढच्या गावठाणात, उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात गेलेलं. हातात ट्रम्पेटची काळी पेटी होती. आमच्या काउंटरवर त्यांनी ती ठेवली, दोन्ही कड्या काढल्या, इकडेतिकडे बघितलं आणि झाकण उघडलं. आत लाल मखमल, आणि ट्रम्पेटच्या जागी बर्फात ठेवलेला स्टीलचा डबा.

माझ्या शेजारी कांबळे बसायचे. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. कांबळे मुलुंडचे, घरचे मूळ साताऱ्याकडचे. मी जे फक्त तपासायची ते त्यांच्या घरी चवीने खाल्लं जायचं, त्यामुळे मटण या विषयावर त्यांचा शब्द मी शेवटचा मानायची. कांबळ्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, सूर कुठला लागतो?

पास्कल अंकल हसले नाहीत. प्रकरण गंभीर होतं. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. त्यांची बायको रोझी काही वर्षांपूर्वी वारली होती आणि घरी आता ते आणि त्यांची मुलगी आयव्ही. आयव्ही मालाडच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. तिने रिपोर्ट वाचला आणि लाल मटण बंद करून टाकलं. कायमचं. त्यात रोझीचं आंबटही गेलं. रोझीचं आंबट म्हणजे म्हशीचं मटण, व्हिनेगर आणि त्यांच्याकडे वर्षाचा बाटलीत भरून ठेवतात तो मसाला. रोझी ते दर रविवारी करायची आणि ती गेल्यावर आयव्ही करू लागली होती. अंकलांना ते परत हवं होतं. त्यांनी ऐकलं होतं की म्हशीत चरबी कमी. ते शिक्क्यासकट लिहून मिळालं की ते आयव्हीपुढे ठेवणार होते. ट्रम्पेटची पेटी अशासाठी, की पिशवी घेऊन निघाले असते तर आयव्हीने तपासली असती. पेटी पाहून तिला वाटलं, पप्पा प्रॅक्टिसला चालले.

“मॅडम, माजी बाकी काय मागणी नाय,” ते म्हणाले. “रविवारची एक प्लेट. तेवडीच.”

मी डबा घेतला. मांडीचा सुरेख साफ तुकडा होता. दोन भाग केले, एक राखीव ठेवला, एक तपासला. चरबी अगदी थोडी निघाली, बाजारातल्या कातडीसकट कोंबडीने मान खाली घालावी इतकी. अंकलांनी तो कागद मखमलीवर ठेवला, पेटी बंद केली आणि काउंटरवर बोटांनी ताल धरत निघून गेले.

दोन दिवसांनी आयव्ही आली. उंच, गळ्यात शिट्टी, आणि चालणं असं की आमचा वॉचमन आपोआप सरळ उभा राहिला. मागे मान खाली घातलेले अंकल. तिने माझा रिपोर्ट काउंटरवर ठेवला. मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. पण ती शांतपणे म्हणाली की रिपोर्ट बरोबर असेल, पण माझे वडील कच्चं मटण खात नाहीत. ते जे खातात ते तपासा. आणि तिने स्वतः आदल्या दिवशी केलेलं आंबट एका डब्यातून काढून दिलं. मला तिचं म्हणणं पटलं. इतक्या वर्षांत एकाही निर्यातदाराला हा प्रश्न सुचला नव्हता.

आम्ही तपासलं. शिजल्यावर मटणातलं पाणी जातं, त्यामुळे चरबीचा आकडा थोडा वाढतोच. पण हा थोडा नव्हता. कांबळ्यांनी काचेचं भांडं उजेडाकडे धरलं आणि शीळ घातली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. परत केलं, परत तेच. अंकलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मशीन बिघडलं असेल. मशीन काय असतं हो त्यात, एक काचेची नळी आणि एक शेगडी. पण त्यांच्या आवाजाने मला वाईट वाटलं. माणूस होडी पकडून, पेटीत मटण लपवून येतो आणि आपण त्याला त्याच्या बायकोच्या नावाचं मटण नापास करून देतो.

शिवाय मला राग आला होता. म्हैस असं करणं शक्य नव्हतं. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते.

चरबी किती हे वजनाने कळतं, पण चरबी कोणाची हे कळायला दुसरं यंत्र लागतं. त्यात चरबी सोडली की ती आपल्या घटकांत वेगळी होते आणि पडद्यावर एकामागून एक टोकदार डोंगर उमटतात. प्रत्येक डोंगर म्हणजे एक मेदाम्ल, आणि प्रत्येक प्राण्याची, प्रत्येक तेलाची डोंगररांग ठरलेली. म्हशीचे मोठे डोंगर तीन, तिन्ही उजवीकडे. कामाचा वेळ संपल्यावर आम्ही दोघं आंबटाची चरबी त्यात सोडून बघत बसलो. उजवीकडचे डोंगर येण्याच्या कितीतरी आधी, जिथे म्हशीचं काहीच नसतं त्या सपाट जागेत, एक भला मोठा सुळका वर गेला. वर जातच राहिला.

कांबळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “मॅडम, हा म्हशीचा नाही. हा तुमच्या मालवणचा आहे.”

लॉरिक आम्ल. म्हणजे नारळ. म्हैस निर्दोष सुटली, याचा मला इतका आनंद झाला की मी कांबळ्यांना कॅन्टीनचा चहा पाजला.

दोघांना बोलावून घेतलं. मी डोंगर दाखवले, समजावून सांगितलं की चरबी आहे ती मटणाची नाही, नारळाची आहे. आयव्ही ठामपणे म्हणाली की ती आंबटात तेलाचा थेंब घालत नाही. मी विचारलं, नारळाचं दूध? तर ती म्हणाली, ते घालते, वाटीभर जाडसर, पण नारळाचं दूध म्हणजे काय तेल आहे? ते दूध आहे. यावर मी हसू शकले नाही, कारण आमच्या घरी हेच चालतं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात जा, तेल चमच्याने मोजतील, तूप कपाळाला आठ्या घालून वाढतील आणि मग आमटीत अख्खा नारळ पिळतील. नारळ आमच्या हिशेबात चरबीत बसतच नाही. तो हवापाण्यात बसतो.

मग पास्कल अंकल हळूच म्हणाले, “पन रोझीच्या आंबटात नारळ कधी होता?”

आयव्हीचा चेहरा उतरला. शिट्टी हातात धरून ती बोलू लागली. मम्मी गेल्यावर पहिल्यांदा तिने आंबट केलं तेव्हा ते इतकं आंबट झालं की तिला स्वतःलाच ठसका लागला. पप्पा टेबलाशी येऊन बसले होते. घाईत तिने हाताशी होतं ते नारळाचं दूध ओतलं. पप्पांनी पहिला घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाले, अगदी मम्मीसारखं. त्यानंतर तिची बदलायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं ती पप्पांना फसवत आली, असं म्हणून ती रडायला लागली. वॉचमनने तोंड फिरवलं. अंकल तिच्या पाठीवर थोपटत होते. आयव्हीने डोळे पुसले आणि जाहीर केलं की यापुढे आंबट होईल ते मम्मीच्या पद्धतीने. नारळ नाही.

तिसरा नमुना आला, बिनानारळाचा. डब्याचं झाकण काढल्याबरोबर कांबळ्यांना शिंक आली. चरबी तपासली तर कच्च्या मटणाच्या आसपास. डोंगर तीनच, तिन्ही उजवीकडे, जागच्या जागी. मी सुंदर रिपोर्ट केला. आयव्हीने शब्द पाळला, दर रविवारी एक प्लेट मंजूर केली. मी म्हटलं, चला, नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक तरी माणूस सुखी झाला.

सुखी माणूस महिन्याभरात एकटाच परत आला. पेटी होतीच, पण आत या खेपेला खरंच ट्रम्पेट होतं. चेहरा ओढलेला. मला वाटलं तब्येत बिघडली. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं की तिसऱ्या रिपोर्टात काही चूक निघू शकते का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तुम्ही तो राखीव नमुना ठेवता ना, तो परत तपासा, त्यात जास्त निघेल. मी म्हटलं, तुम्हाला चरबी जास्त निघायला हवी आहे? त्यांनी आजूबाजूला बघितलं, अगदी पहिल्या दिवशी पेटी उघडताना बघितलं होतं तसं.

“मॅडम, माजी रोझी देवमानूस होती. पन तिच्या हाताला चव नव्हती.”

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतर पहिल्या रविवारी रोझीने ते आंबट केलं तेव्हा अंकल नवे नवरे होते, म्हणाले झकास. झकास म्हणून जे अडकले ते अडकले. मटण त्यांना फार प्रिय, पण ते व्हिनेगर घशाखाली जाताना दर रविवारी डोळ्यांतून पाणी यायचं. ट्रम्पेट वाजवायला ओठ शाबूत लागतात, सोमवारी त्यांचे ओठ चुरचुरायचे. रोझी गेली, अंकल खूप रडले. आणि मग आयव्हीने पहिल्यांदा आंबट वाढलं आणि त्यांच्या तोंडात ते नारळाचं गोडसर, मऊ, देवाघरचं काहीतरी आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यासाठी. पण पोरीला आईच्या जागी हे जास्त चांगलं झालं असं कसं सांगायचं? म्हणून म्हणाले, अगदी मम्मीसारखं. त्यांना रविवारची प्लेट हवी होती ती ही. आता ती गेली होती आणि तिच्या जागी रोझीचं अस्सल आंबट आलं होतं, माझ्या शिक्क्यासकट. आयव्ही समोर बसून विचारायची, पप्पा, आता खरं मम्मीसारखं ना? आणि ते पाणी पिऊन हो म्हणायचे.

मी सांगितलं की राखीव नमुना तोच नमुना असतो, त्यात वेगळं काही निघणार नाही, आणि खोटा रिपोर्ट मी देत नाही. आयव्हीला खरं सांगा. ते घाबरून उठले. म्हणाले, ते तर तुम्हीही सांगायचं नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही हा नियम आहेच. मी कबूल केलं.

त्याच आठवड्यात आयव्हीचा फोन आला. शाळेतून बोलत होती, मागे पोरांचा गोंधळ. तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आवाज खाली आणला. मॅडम, तुमच्याकडे तो राखीव नमुना असतो ना, तो परत तपासता येईल का? मी डोळे मिटले. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, कुणाला सांगू नका, पण मला मम्मीचं आंबट लहानपणापासून आवडत नाही. मी खिडकीतून मांजराला घालायचे. मांजरही पुढे पुढे यायचं बंद झालं. पण पप्पा किती मनापासून खातात, डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. त्यांना कसं सांगू की नारळ घालू या?

कुणाला सांगणार नाही म्हणून मी फोन ठेवला तेव्हा कांबळे माझ्याकडे बघत होते. त्यांना एवढंच सांगितलं की दोन गिऱ्हाइकांनी एकाच नमुन्याची फेरतपासणी मागितली आहे आणि दोघांना तो नापास व्हायला हवाय. कांबळे म्हणाले, मग हे मटण नाही, लग्न आहे.

माझी पंचाईत लक्षात घ्या. दोघांची गोष्ट माझ्यापाशी, दोघांनाही वचन दिलेलं. आणि दर रविवारी मढला दोन माणसं एका टेबलावर समोरासमोर बसून, एकमेकांच्या प्रेमाखातर व्हिनेगर गिळतायत, हे मला पार्ल्यात बसून दिसायचं. रविवारी माझ्याच घशाशी आंबट यायला लागलं.

ऑक्टोबरात त्यांचा आगेरा असतो. नवं भात कापून चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद घेतात आणि मग घरोघरी जेवणं. अंकलांनी आग्रहाने बोलावलं. मी गेले. जाताना ठरवलं होतं की फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, खायचे, तळलेला बोंबील खायचा, आणि बाकीच्या भांड्याकडे बघायचंच नाही. घर छोटंसं, कौलारू, समोर चिंच. भिंतीवर रोझीबाईंचा फोटो, हसऱ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या, आपल्या स्वयंपाकाबद्दल कसलीही शंका नसलेल्या. टेबलावर मधोमध आंबट. आयव्हीने पप्पांना वाढलं, स्वतःला वाढलं. दोघांनी एकदमच पहिला घास घेतला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. अंकल म्हणाले, अगदी मम्मीसारखं. आयव्ही खोकत म्हणाली, हो ना पप्पा.

मला ते बघवेना. कोणाचंही नाव न घेता काय करता येईल याचा मी विचार केला आणि तोंडातून निघून गेलं:

“आयव्ही, मी मालवणची गं. मला एवढं आंबट सोसत नाही. घरात थोडं नारळाचं दूध असेल का?”

आयव्हीने पप्पांकडे बघितलं. मग ती उठली, फ्रीज उघडला आणि झाकण लावलेलं पातेलं काढून आणलं. ताजं पिळलेलं जाडसर दूध, काठोकाठ, तयारच होतं. सकाळीच काढलेलं दिसत होतं. काढलं होतं आंबटासाठीच, पण ओतायची हिंमत झाली नव्हती; पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

अंकलांनी त्या पातेल्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग खुर्ची मागे सरकवून ते कोपऱ्यात गेले, ट्रम्पेटची काळी पेटी घेऊन आले, टेबलावर ठेवली, दोन्ही कड्या काढल्या. लाल मखमलीवर ट्रम्पेटच्या शेजारी नारळाच्या दुधाचं दुकानातलं पाकीट होतं. एका कोपऱ्याने कापलेलं, वर कपडे वाळत घालायचा चिमटा. दर रविवारी आयव्ही पाणी आणायला आत गेली की ते प्लेटमध्ये चमचाभर टाकून घ्यायचे.

आयव्ही म्हणाली, “पप्पा, तुम्ही?”

“तू पन?” अंकल म्हणाले.

मग आयव्ही हसायला लागली. हसताना तिच्या गळ्यातली शिट्टी उडत होती. अंकल आधी कानकोंडे झाले, मग तेही हसले, इतके की त्यांना खाली बसावं लागलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि हे पाणी व्हिनेगरचं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे वर बघितलं. “सॉरी हां, रोझी,” ते म्हणाले आणि पातेलं घेऊन सगळं दूध आंबटात ओतलं. रोझीबाई फोटोत होत्या तशाच हसत राहिल्या. मला त्या क्षणी वाटलं की त्यांना हे पहिल्या रविवारपासून माहीत असणार.

मी दमून मागे टेकले. माझं काम झालं होतं. आणि तेवढ्यात आयव्हीने माझ्यापुढे प्लेट ठेवली, वाफाळणारी, भरगच्च. दूध माझ्यासाठीच तर मागितलं होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते. आता मी काय सांगणार होते, की माझ्या घरी हे चालत नाही? इतकी वर्षं मी त्या जनावराची चरबी मोजली, रंग पाहिला, डोंगर पाहिले, त्याच्या बाजूने भांडले, आणि चव काय असते हे मला ठाऊक नव्हतं. पातेल्यात नारळ किती गेला हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. डॉक्टर असते तर मी ओरडले असते. मी डॉक्टर नव्हते. मी चमचा उचलला.

त्या दिवशीच्या रश्श्यात चरबी किती होती हे मला विचारू नका. राखीव नमुना ठेवायला भांड्यात काही उरलं नाही.

पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झाले. आता अंकल आणि आयव्हीचा तह असा आहे की इतर रविवारी नारळाशिवाय कोंबडी, आणि सणाच्या दिवशी आंबट, नारळासकट. कोलेस्टेरॉल खाली आलंय म्हणतात. शिट्टीचा धाक.

त्या आगेराच्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे दारातच बसल्या होत्या. मी सरळ बाथरूमकडे निघाले, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “थंय खावक काय केल्यानी गो?”

मी म्हटलं, “बिस्किटं.”

“बरी होती?”

“खूप,” मी म्हटलं. “नारळाची होती.”